तांबट आळीला निघालेली परात

"या घरात एक भांडं जागेवर सापडेल तर शपथ! एवढं मोठं तांब्याचं धूड, आणि कोंबलंय कुठे, तर केकच्या साच्यांखाली," असं पुटपुटत नीलांबरीबाईंनी ओव्हनखालचा खण ओढला. गुडघे टेकून त्या फरशीवर बसल्या होत्या, त्यामुळे त्यांचं तोंड अगदी माझ्याजवळ होतं. माझ्या कानांतून एक शब्दही सुटला नाही.

मित्रांनो, ते धूड म्हणजे मी. मी एक जुनी, बाहेरून काळवंडलेली तांब्याची परात. वय सत्तरीच्या पुढेमागे, म्हणजे साधारण नीलांबरीबाईंच्याच बरोबरीची. हल्ली मुक्काम लोअर हट, न्यूझीलंड.

त्यांनी मला मांडीवर घेतलं, गाऊनच्या टोकाने पुसलं आणि हळूच म्हणाल्या, "चल बाई. तुझ्या निमित्ताने मी सुटते. श्रीनाथला कसं सांगायचं, तेवढं मात्र अजून जमत नाहीये."

श्रीनाथ म्हणजे त्यांचा मुलगा. तो, त्याची बायको निवेदिता आणि मुलगी ईशा, सगळ्यांच्या मते आजी तीन महिन्यांसाठी पुण्याला निघाल्या होत्या. दात बघून घ्यायचे, बहिणीला भेटायचं आणि तांबट आळीत जाऊन मला कल्हई करून आणायची. ऑगस्टचं परतीचं तिकीट फ्रिजवर चिकटवलेलं होतं. त्या तिकिटावर बसायचा नीलांबरीबाईंचा विचार नव्हता. हे त्यांनी फोनवर फक्त विमलला, म्हणजे धाकट्या बहिणीला सांगितलं होतं. आणि ऐकलं होतं मी, कारण दोघींचं बोलणं नेहमी स्वयंपाकघरातच चालायचं.

आता सुरुवातीपासून सांगते.

माझा जन्म जिनोआचा. इटलीतलं हे जुनं बंदर. तिथल्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं, काठ जेमतेम दोन बोटं ठेवला आणि आतून कथलाची चकचकीत कल्हई केली. शहराच्या जुन्या भागातल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरासमोरच्या खिडक्यांतून दोन बायका एकमेकींना चिमूटभर मीठ देऊ शकतील. अशाच एका गल्लीत बाचिचा नावाच्या माणसाचं दुकान होतं. एक लाकडाची भट्टी, एक संगमरवरी फळी, चार-सहा खुर्च्या, बस्स. पदार्थ एकच, फरिनाता. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात सैल कालवून रात्रभर ठेवायचं, वर आलेला फेस काढून टाकायचा, मीठ आणि ऑलिव्हचं तेल घालायचं आणि परातीत पातळ ओतून भट्टीत सरकवायचं. वरून खरपूस, आतून मऊ. तुकडे कापून कागदावर ठेवायचे, वर मिरपूड.

माझ्या थोरल्या बहिणी गाडीच्या चाकाएवढ्या होत्या. त्या गिऱ्हाइकांसाठी. मी धाकटी, भट्टी पुरेशी तापली की नाही, हे बघायला सकाळचा पहिला घाणा माझ्यात ओतला जायचा. त्यातला तुकडा बाचिचा स्वतः खायचा आणि मग मान हलवायचा किंवा शिव्या द्यायचा. पन्नास वर्षं त्याने माझ्यावर विश्वास टाकला. पुढे भट्टीवर त्याचा जावई आला, त्याने भिंतीवर थर्मामीटर लावला आणि मला खिळ्याला.

२०१२ च्या सप्टेंबरात एक कुटुंब गल्लीत शिरलं. श्रीनाथला तिथे इंजिनियर लोकांच्या परिषदेचं बोलावणं होतं आणि त्याने सगळ्यांना बरोबर आणलं होतं. वडील गेल्यावर वर्षभरापूर्वीच तो आईला पुण्याहून लोअर हटला घेऊन आला होता. बाईंनी हसणं जवळजवळ सोडलं होतं. या प्रवासाने त्या जरा मोकळ्या होतील, असं त्याला वाटत होतं. तो दिवसभर परिषदेत; सासू, सून आणि सहा वर्षांची ईशा अशा तिघी खात-पीत गल्ल्यांतून हिंडायच्या.

त्यांच्या त्या हिंडण्याच्या गोष्टी मी पुढे जेवणाच्या टेबलावर इतक्यांदा ऐकल्या, की प्रत्येक वळण मला पाठ आहे. सकाळी लोक फोकाच्चा नावाचा तेलकट, खारट पाव कॉफीत बुडवून खाताना बघून नीलांबरीबाई रस्त्यात थांबल्या. "अगं, आपण खारी चहात बुडवतो, तसंच की हे! आणि मला वाटत होतं, आपणच बिघडलेलो." मग त्यांनीही बुडवला. दुपारी बंदरालगतच्या कमानींखाली तळणाची दुकानं. तिथे डाळीच्याच पिठाच्या वड्या तळत होते. ईशाने लगेच हात पुढे केला. पण बाईंनी आधी कढईत डोकावून पाहिलं.

"निवेदिता, विचार त्याला. याच तेलात ते आठ पायांचं तळलं का?"

"आई, कसं विचारू? मला फक्त नमस्कार आणि बिल येतं."

"हाताने विचार."

निवेदिताने दोन्ही हातांची बोटं वळवळून दाखवली. दुकानदाराने आनंदाने कढईतून एक माकूल काढून तिच्यासमोर धरलं. बाईंनी नाकाला पदर लावला. अशा सहा कढया त्यांनी नापास केल्या. तीन दिवस फोकाच्चा, फळं आणि घरून नेलेल्या चिवड्यावर काढले.

चौथ्या दिवशी त्या आमच्या दाराशी आल्या. भट्टी होती, कढई नव्हती. तळणच नाही म्हटल्यावर बाई आत आल्या, पहिला तुकडा खाल्ला आणि खुर्चीवर बसल्याच.

"अगं, हे धिरडं आहे! यांना हळद-मिरची द्यायची कोणीतरी विसरलंय, पण धिरडंच." दुसरा तुकडा खाल्ला. "नाही विसरले. बरोबर आहे त्यांचं." तिसऱ्या तुकड्याला त्या हसत होत्या आणि निवेदिता पर्समध्ये उगाच रुमाल शोधत होती.

मग त्यांची नजर माझ्यावर गेली. सरळ उठून त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, उलटंसुलटं केलं, नखाने आत खरवडलं आणि कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या बाचिचाला मराठीत झापलं, "कल्हई उडालीय की हिची! अशी कशी ठेवलीत?" आणि हाताने भाता चालवून, कापसाचा बोळा फिरवून दाखवला. म्हातारा उठून उभा राहिला. त्यानेही तसाच भाता चालवला, तसाच बोळा फिरवला. दोघं समोरासमोर उभी राहून हवेत एकच अदृश्य परात घासत होती. जावई बघतच राहिला.

बाचिचाने त्याच दिवशी मला कल्हईला पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी, त्या निघायच्या दिवशी, वर्तमानपत्रात गुंडाळून बाईंच्या हातात दिलं. जिनोआच्या बोलीत मी तेस्तो होते, आता परात झाले.

ऑकलंडच्या विमानतळावर अन्नाचे कण शोधणाऱ्या अधिकाऱ्याने माझा वास घेतला. "काय करता यात?" नीलांबरीबाई म्हणाल्या, "धिरडं." त्याने काय लिहून घेतलं, देव जाणे, पण सोडलं.

पुढची चार वर्षं माझ्या आयुष्यातली फार चांगली. शनिवारी रात्री पीठ कालवायचं, रविवारी सकाळी मी ओव्हनमध्ये. शेजारचा रेवी कुंपणावरून रोझमेरीची फांदी द्यायचा आणि माओरीत नमस्कार करायचा, "किया ओरा, आँटी! इज इट संडे?" त्याच्यासाठी दोन तुकडे बाजूला. वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल भागातून मराठी मंडळी यायची. ईशा तोंड भाजून घेत म्हणायची, "आजी, इट्स हीप्स बेटर दॅन पिझ्झा," आणि आजी म्हणायच्या, "मराठीत सांग, तरच दुसरा तुकडा." "आजी, खूप बेटर आहे." तेवढ्यावर तडजोड व्हायची.

पण आठवड्याला रविवार एकच असतो ना. सोमवारी सकाळी साडेसातच्या आत घर रिकामं. श्रीनाथ-निवेदिता ट्रेनने वेलिंग्टनला, ईशा शाळेत. नीलांबरीबाई कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत चालत जायच्या. दूध घरात असलं तरी. दुकानदार दोन वाक्यं बोलायचा. हिवाळ्यात पाच वाजता अंधार. त्यांना काही कमी नव्हतं, आणि म्हणूनच काही सांगता येत नव्हतं. श्रीनाथने त्यांच्यासाठी मागची उन्हाची खोली बांधून घेतली होती, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली होती, कागदपत्रांसाठी रजा काढून काढून खेटे घातले होते. अशा मुलाला काय म्हणायचं? की तुझी ही उन्हाची खोली फार छान आहे, पण मला विमलच्या समोरची माझी जुनी दोन खोल्यांची जागा हवी?

२०१६ च्या दिवाळीत एक गोष्ट घडली. बाई चार दिवस ऑकलंडला, ओळखीच्यांकडे गेल्या होत्या. आईला खूश करावं म्हणून श्रीनाथने घरातली सगळी तांब्यापितळेची भांडी घासायला काढली. पूजेचा तांब्या, ताम्हन, समई, आणि मी. चिंच, मीठ आणि काथ्या. लहानपणी आईला असंच घासताना त्याने पाहिलं होतं. बिचाऱ्याने एवढंच पाहिलं नव्हतं, की कल्हईच्या भांड्याला आतून चिंच लावायची नसते. मी आतून राखाडी दिसते म्हणजे मळलेली आहे, अशी त्याची समजूत. तासभर घासला. कल्हई निघून आतलं गुलाबी तांबं चमकायला लागलं, तेव्हा तो घामाघूम होऊन म्हणाला, "आता कशी नवी दिसतेय!"

नीलांबरीबाई परत आल्या. मला उचललं, आत पाहिलं. उघड्या तांब्यावरून बोट फिरवलं.

"छान रे. केवढी चकाकतेय."

"आवडली?"

"हो तर."

निवेदिता दारात उभी होती. तिने दोघांकडे पाहिलं, सगळं तिच्या लक्षात आलं आणि ती चहा टाकायला गेली.

उघड्या तांब्यात शिजवलेलं कळकतं. म्हणून त्या रविवारी बाईंनी पीठ काळ्या नॉनस्टिक तव्यावर ओतलं आणि म्हणाल्या, "हाच बरा पडतो बाई, हलका आहे." मग मी खणात. वर केकचे साचे आले, त्यावर कागद. दोन-अडीच वर्षं.

मला त्या चिंचेचा राग नाही. राग आहे तो त्या "छान रे" चा. मित्रांनो, घरात तांब्याचं भांडं असलं तर त्याला वापरा, आतून जपा आणि कल्हई गेली तर वेळेवर करून घ्या. आणि कोणी फार मायेने तुमचं नुकसान केलं, तर तेही वेळेवर सांगा. सांगितलं असतं तर श्रीनाथ ओशाळला असता, तासाभराने हसला असता आणि मी पुढच्याच खेपेला कोणाबरोबर तरी पुण्याला जाऊन आले असते. न सांगितल्याने काय झालं? या घराला छान म्हणायची सवय लागली. थंडी? छान. करमतंय ना? छान. शेवटी परतीचं तिकीटही छान.

निघायच्या दिवशी सकाळी, सगळे अंघोळीला-कपड्याला गेलेले असताना, नीलांबरीबाई देवघराशी बसल्या. त्यांनी अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण उचलले. हे दोघे त्यांच्या माहेरून लग्नात आलेले. बाई जिथे राहील तिथे ते राहायचे. त्यांना मऊ ओढणीत गुंडाळून माझ्यात ठेवलं, वरून एक लुगडं, आणि मला बॅगेच्या तळाशी. थोड्या वेळाने निवेदिता देवघरात फुलं वाहायला आली. दोन रिकाम्या जागा तिने पाहिल्या. हातातली फुलं तिने तिथे जरा पसरून ठेवली, म्हणजे पटकन दिसू नये.

दुपारी श्रीनाथने बॅग वजनकाट्याला अडकवली. "सव्वीस. तीन किलो जास्त आहे, आई."

"तो इथल्या मानुका झाडाचा मध काढ," निवेदिता घाईने म्हणाली. "दोन बाटल्या काढ."

"मध विमलमावशीला हवाय. परातच काढू. एवढं काय अडलंय कल्हईचं, पुढच्या खेपेला ने." आणि त्याने मला ओढून बाहेर घेतलंसुद्धा.

"श्रीनाथ, ठेव ती," नीलांबरीबाई म्हणाल्या.

"अगं, आणि हे जाड जॅकेट नको का ठेवायला? ऑगस्टमध्ये उतरशील तेव्हा एअरपोर्टवर केवढी थंडी..." बोलता बोलता त्याने लुगडं बाजूला केलं. ओढणी सुटली. माझ्या उघड्या, गुलाबी तळावर अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण आडवे होते.

ईशाने कानातला इअरफोन काढला. निवेदिता खिडकीकडे बघत राहिली. श्रीनाथने मला दोन्ही हातांत तसंच धरलं होतं. मला वाटलं, आता हा म्हणेल, छान, देव पण नेतेयस का, बरं झालं. ती सवय मला ठाऊक होती.

त्याने ओढणी पुन्हा नीट गुंडाळली. लुगडं पसरलं. मला बॅगेच्या तळाशी ठेवलं. मग मधाच्या चारही बाटल्या एकेक करून बाहेर काढल्या, चेन लावली, आणि आईकडे न बघता म्हणाला,

"आई, तू परत येणार नाहीयेस."

नीलांबरीबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"नाही रे. नाही येणार."