शेपटाची पाळत

चार वर्षांच्या त्या पोरीला घरात सगळे शेपूट म्हणत. नाव ठेवलं धाकट्या काकानं, आणि ते असं चपखल बसलं की खरं नाव डॉक्टरांच्या फाइलपुरतं उरलं. आई स्वयंपाकघरात, तर शेपूट स्वयंपाकघरात. आई न्हाणीघरात, तर शेपूट दाराला नाक लावून.

"वहिनी, एकदा सुटं करून बघा ना," काका म्हणायचा, "वळवळतं का ते!"

सगळं घर हसायचं. आई सोडून. कारण बालवाडीच्या बाईंनी निक्षून सांगितलं होतं, सोमवारपासून आई फाटकाबाहेर. पोर एकटी बसली तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी आणा. आईनं मुलांच्या वाढीवरची मिळतील तेवढी पुस्तकं पालथी घातली होती, आणि पुस्तकातला एकूण एक आजार तिला शेपटात दिसला होता.

शेवटी ती विद्यापीठाच्या बाल-समुपदेशन विभागाची पायरी चढली. तिथे विद्यार्थी शिकत, संशोधन चाले आणि पालकांना सल्लाही मिळे. एका शिकाऊ मुलीनं दोघींना खेळण्यांच्या खोलीत नेलं, आईला भिंतीशी खुर्ची दिली, कॅमेरा सुरू केला आणि ती बाहेर गेली. शेपटानं टोपलीतून लाकडी जिराफ उचलला, खाली ठेवला, आईला येऊन बिलगलं. मग हत्ती. पुन्हा तेच. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी ते चित्रण वर्गात लागलं. शेपटाला काकापाशी ठेवून आई मागच्या बाकावर बसली, निकाल ऐकायला आल्यासारखी. प्राध्यापिका ठेंगण्या, पिकल्या केसांच्या. चष्मा कपाळावर ढकललेला आणि तोच टेबलावर चाचपत होत्या.

"आपला नियम माहीत आहे," त्या म्हणाल्या. "दिसतं तेवढंच बोलायचं. वाटतं ते घरी ठेवून यायचं. ताई, तुम्हालाही हाच नियम बरं का."

चित्रण इतकं संथ सुरू झालं की शेपटाची पापणी एखाद्या पडद्यासारखी वर जाताना दिसली.

"मुलगी आईला चिकटते," पहिल्या बाकावरून एकजण म्हणाला.

"चिकटते हे दिसतंय की वाटतंय?"

प्राध्यापिकांनी बटण दाबलं. चित्रण मागे गेलं. जिराफ हातात. शेपटाची मान वळली. पडद्यावरची आई हसली. पण त्या संथ चालीत ते हसू फार उशिरा आलं. त्याच्याआधी तिची नजर दाराकडे जाऊन आली होती, आणि मांडीवरच्या पर्सची चेन तिची बोटं उघडत होती, मिटत होती, उघडत होती. आपण असं करतो? आईला गंधवार्ताही नव्हती.

पोरीची नजर चेहऱ्यावरून त्या बोटांवर उतरली. तिथेच थांबली. जिराफ हळूच खाली गेला. ती चालत आली आणि तिनं आपला इवलासा पंजा आईच्या हातावर ठेवला. वर गेला, खाली आला. थांबला. पुन्हा वर.

"थांबा!" आई उभीच राहिली. "ती... ती मला थोपटतेय. मी तिला झोपवताना थोपटते, तश्शी."

प्राध्यापिकांनी तोच तुकडा परत लावला. हत्तीच्या वेळीही तेच. आधी चेहरा, मग बोटं, मग पंजा. आई उभ्याउभ्याच पुढे सरकली. जन्मल्यापासून आपण हिच्यावर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली, आणि या पिटुकल्या जिवानं आपल्यावर!

"मग मॅडम, चूक आईची ना?" तोच विद्यार्थी.

"चूक? कुठेय? पडद्यावर बोट ठेवून दाखव."

त्यानं उचललेलं बोट तसंच खाली घेतलं. वर्गात खसखस पिकली आणि आईलाही, किती दिवसांनी, हसू फुटलं.

"मग मी हसायचंच नाही का तिच्यासमोर?" तिनं विचारलं.

"मनापासून हसा की! पण भीती वाटत असली तर सांगून टाका तिला. तिनं ओळखलंय ते. एवढीशी पोर, एकटीनं किती राखण करायची?"

सोमवारी बालवाडीच्या फाटकाशी आई उकिडवी बसली. हसूबिसू आणलं नाही.

"मला ना, थोडी भीती वाटतेय. पण माझी भीती मी सांभाळीन. मोठी आहे ना मी. तू जा, खेळ."

शेपटानं आईचा चेहरा निरखला. मग पर्स. बोटं नुसती पर्सवर टेकलेली होती.

"बाबाला फोन कर," पोरगी म्हणाली. "म्हणजे तुला करमेल."

आणि ती आत गेली. दाराशी एकदा वळून पाहिलं, पारखल्यासारखं, आणि वाळूच्या ढिगाकडे पळाली.

आईनं पर्स उघडली. मग तिनं खरंच फोन लावला.

"काय गं, काय झालं?" नवरा घाबरलाच. "शेपूट कुठंय?"

"आत. तिनंच सांगितलंय तुला फोन करायला," ती म्हणाली. "बोल काहीतरी."