वीरगळावरची लॉरी

फौजेची लॉरी चालवणारा रेवणप्पा ब्रह्मदेशाच्या लढाईत कामी आला, तेव्हा सिद्धम्मानं पेडगावच्या महादेवापुढं लेकाचा वीरगळ उभा करायचं ठरवलं. पाथरवट यल्लप्पानं जुन्या वीरगळांसारखाच दगडावर कोळशानं बेत आखला. खाली लढाई, वर पिंडीची पूजा, आणि मधे वीराला कैलासात नेणाऱ्या दोन अप्सरा.

सिद्धम्मा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "या भवान्या कोण रे? माझी सून रोज हितं पाणी घालायला येणार हाय. तिनं ह्यांची तोंडं बघायची व्हय?"

"अव्वा, रिवाज हाय त्यो. त्यांच्याबिगर मालक वर जाणार कसे?"

"लॉरीत बसून जाईल. लायसन हाय त्याच्याकडं."

यल्लप्पानं अप्सरा पुसल्या आणि तिथं लॉरी काढली. तार आल्यापासून गप्प असलेली सून, महादेवी, तेव्हा पुढं झाली.

"त्यांच्या शेजारची जागा मोकळी ठेवा," ती हळूच म्हणाली.

सिद्धम्मा यल्लप्पावर खेकसली, "आन मागं बसायला एक फळी बी काढ. मी काय पायी जाऊ?"