न धुतलेले ग्लास

अरक, म्हणजे बडीशेपेची दारू, पिताना एका ग्लासात दोनदा ओतायचं नाही, ही बैरूतपलीकडच्या बेकाच्या खोऱ्यातली रीत. पाणी पडलं की अरक दुधासारखा पांढरा होतो, बर्फ पडला की ग्लासाला आतून साय धरते, आणि त्या सायीवर पुन्हा ओतणं म्हणजे पाहुण्याला उष्टं वाढणं. म्हणून दर वेळी नवा ग्लास लागतो. रिकामा झालेला घरातली बाई गुपचूप उचलून नेते.

लग्न होऊन या घरात आल्यापासून अफीफा ते उचलत आली होती. धूत होती, पुसत होती, परत मांडत होती.

तिचा नवरा तानियोस गवंडी होता. ओळंब्याला जरा बाक दिसला तर रचलेली भिंत पाडणारा माणूस. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. हर्नियाच्या ऑपरेशनआधी डॉक्टरने विचारलं, "पिता किती?" तेव्हा तो सरळ म्हणाला, "जेवताना एखादा ग्लास." आणि त्याला ते खरंच वाटत होतं. त्याच्यापुढे कायम एकच ग्लास असायचा.

"एखादा नाही हो, डॉक्टर," अफीफा म्हणाली होती.

"हिला सगळं मोठं दिसतं," तानियोस म्हणाला. "चार टोमॅटो आणले तरी विचारते, लग्न आहे का कुणाचं."

डॉक्टर हसला आणि त्याने 'एखादा' लिहून घेतलं.

अफीफाला हसू आलं नाही. पलीकडच्या गल्लीतला इल्यास गुडघ्याच्या ऑपरेशनला गेला, तोही 'एखादा'च म्हणाला होता. दवाखान्यात पिणं एकदम तुटलं. मग त्याला भिंतीवर विंचू दिसू लागले, त्याने नळ्या उपसल्या, झटके आले, आणि घरी आली ती शवपेटी. आधी कळलं असतं तर औषध देऊन, थांबून ऑपरेशन केलं असतं, असं डॉक्टर नंतर त्याच्या बायकोला म्हणाले. ती बाई हे चर्चच्या पायरीवर बसून ज्याला त्याला सांगत असे. लोक मान हलवत आणि घरी जेवायला जात.

अफीफाने आजवर सगळं करून पाहिलं होतं. रडली होती. एकदा काचेचा अख्खा बुधला मोरीत ओतला, तर थोरले दीर शुक्री दुसऱ्या दिवशी दोन घेऊन आले. मारून हा त्यांचा मुलगा; त्याच्या साखरपुड्याच्या जेवणात बापाने पिऊन होणाऱ्या सासऱ्याला शिवी दिली म्हणून तो बैरूतला निघून गेला, आता फोनही करत नव्हता. आता मंगळवारी ऑपरेशन होतं, सोमवारी शेवटची तपासणी.

रविवारी दुपारी शुक्री आले, सोबत शेजारचा फदलो. द्राक्षांच्या मांडवाखाली टेबल लागलं. हुमुस, तबुलेची कोशिंबीर, कच्ची कलेजी.

"ऑपरेशनला अंगात ताकद पाहिजे," शुक्री म्हणाले आणि ओतू लागले.

अफीफाने नवे ग्लास आणून दिले, पण रिकामे उचलले नाहीत. कपाटातले संपले तेव्हा जावेकडून आणले, तेही संपले तेव्हा लग्नातले सोनेरी काठाचे काढले. ज्याने जो प्यायला तो त्याच्यापुढेच राहिला.

"उम्म मारून, हे आवर की," शुक्री मारूनच्या आईला म्हणाले. "तबुले ठेवायला जागा नाही."

"माझ्या ताटल्यांनी नाही अडवली जागा, भाऊजी."

"बायको संपावर गेली, अबू मारून," फदलो तानियोसला म्हणाला. "आता थेट बुधल्याला तोंड लाव."

कोणी फारसं हसलं नाही. तानियोसने आपल्यापुढे पाहिलं. रांग टेबलाच्या कडेपर्यंत जाऊन वळली होती.

"अफीफा," तो दबक्या आवाजात म्हणाला, "लोकांसमोर शोभा करू नकोस."

"शोभा तुम्हीच मांडलीय. मी फक्त उचलत नाही. आजपासून या घरात अरकचा ग्लास मी धुणार नाही. ज्याला लाज वाटते त्याने धुवावा."

शुक्री उठले, बोटांत अडकवून पाच-सहा ग्लास घेतले आणि स्वयंपाकघराकडे निघाले. अफीफा दारातून बाजूला झाली.

"या. साबण खिडकीत आहे. पण तानियोसचे तेवढे परत ठेवा. ते त्याचे आहेत."

थोरल्या दिराने आयुष्यात मोरी पाहिली नव्हती. ते उंबऱ्यावरच थांबले, वळले, ग्लास टेबलावर ठेवले.

"हे माझ्या भावाचं घर होतं."

"अजून आहे. तुमचा भाऊ त्यात राहावा म्हणूनच हे चाललंय."

शुक्री टोपी घेऊन गेले. फदलो कलेजीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून त्यांच्या मागे गेला. तानियोसने बायकोकडे बघत आणखी एक ओतला, एका दमात संपवला, रांगेच्या टोकाला ठेवला आणि खुर्चीतच झोपला.

सकाळी ग्लासांवर माश्या होत्या. तानियोसच्या हाताला इतका कंप होता की शर्टाची बटणं अफीफाला लावावी लागली. मग तिने जर्दाळूची लाकडी पेटी घेतली आणि त्याचे ग्लास वर्तमानपत्रात गुंडाळून भरू लागली. फक्त त्याचे.

"हे काय?"

"डॉक्टरसाठी."

"वेड लागलंय का तुला?"

"तू तोंडाने खरं सांगतो म्हण, पेटी इथेच ठेवते."

तो बाहेर जाऊन गाडीत बसला. गाडीत पेटी तिच्या मांडीवर होती. प्रत्येक खड्ड्याला ती किणकिणली.

"तर जेवताना एखादा ग्लास, बरोबर ना?" डॉक्टरने कागद पुढे ओढला.

अफीफाने पेटी टेबलावर ठेवली. डॉक्टरने एक पुडकं सोडलं, दुसरं सोडलं. खोलीत बडीशेपेचा आंबूस वास पसरला.

"हे किती दिवसांचं साठवलंय?"

अफीफाने तोंड उघडलं, पण तानियोसने हात वर करून तिला थांबवलं. त्याने एक ग्लास उचलून उजेडाकडे धरला.

"कालचे," तो म्हणाला. "दुपारचे. रोज असेच असतील. मी कधी पाहिले नव्हते."

डॉक्टरने कागदावरचा शब्द खोडला. ऑपरेशन पुढे गेलं. आधी औषध, तेही दवाखान्यात राहून, आजपासूनच.

व्हरांड्यात तानियोस भिंतीला टेकून बसला. कपाळावर घाम होता.

"माझ्या थोरल्या भावाला तू घराबाहेर काढलंस."

"काढलं."

"तो परत येईल, बघ."

"येऊ देत," अफीफा पेटी उचलत म्हणाली. "आपला ग्लास घेऊन यावं म्हणावं. आणि जाताना धुवायला घरी न्यावा."