या आठवड्यात करून पाहा

माझ्यावर आता कोणी खडू चालवत नाही, तेव्हा जे सांगायचं ते मलाच सांगावं लागणार. मी फळा. गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडला स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अल्का मॅडमचा कॉम्प्युटर क्लास होता. तिथं मी नऊ वर्षं भिंतीला होतो. थकलोय, म्हणून हळू बोलेन.

२००३ साली अल्कानं क्लास काढला. तिचे वडील सेवकराम गोंदियाला राईस मिलमध्ये कामाला होते. त्यांनी कुठून तरी प्लायवूडचा तुकडा आणला, घासला, काळा रंग दिला आणि दोन खिळ्यांवर मला लटकावलं. वरच्या कडेला अल्कानं पांढऱ्या रंगानं कायमचं लिहिलं, ‘या आठवड्यात करून पाहा’. खालची जागा खडूची.

मुलं यायची ती टायपिंग शिकून सर्टिफिकेट घ्यायला. अल्काला वाटायचं, या यंत्रात एवढी गंमत भरली आहे, ती यांना कोणी सांगितलीच नाही. रविवारी ती गोंदियाहून एखादी सीडी आणायची. कधी खेळ, कधी चित्र काढायचं साधन, कधी सूर जुळवायचं. आधी स्वतः करून बघायची. भिकार निघालं तर ते माझ्यापर्यंत यायचंच नाही. आवडलं तर सोमवारी सकाळी माझ्यावर नाव आणि खाली तिचं खरंखुरं मत: ‘अक्षरं पाडायचा खेळ. दोन दिवस कंटाळा येईल, तिसऱ्या दिवशी बोटं पळतील.’ ‘फोटोला रंग चढवायचं साधन. आजीच्या जुन्या फोटोवर करा, स्वतःच्या नको.’

सोनिका नावाची मुलगी जवळच्या खेड्यातून यायची. सोबत तिची आई चंद्रावती. क्लास सुटेपर्यंत ती माझ्याखालच्या बाकावर बसून राही. तासभर बसली तरी पाणी मागत नसे. अल्काचं घर बौद्धांचं. अशा घरचं पाणी न पिणारे लोक तेव्हा होते, आजही आहेत.

चंद्रावतीचा उजवा हात नेहमी पदराखाली. मळणी यंत्रात तिची तीन बोटं गेली होती. त्याआधी आसपासच्या लग्नांत मांडवातला चौक, म्हणजे पिठाची चौकोनी रांगोळी, तिनंच काढायचा, असं ठरलेलं. नंतर बोलावणी बंद झाली.

माझी खडूची भुकटी त्या बाकावर सांडे. एक दिवस अल्कानं पाहिलं, बाई डाव्या हाताच्या बोटानं त्या भुकटीत रेघा ओढते आहे. पुढच्या सोमवारी माझ्यावर आलं, ‘पत्त्यांचा खेळ. डाव्या हातानं.’

“काकी, हे तुमच्यासाठी लिवलं,” अल्का म्हणाली.

“मले? मी का पत्ते खेळाले आली का वं?”

“हात मोकळा होते. बसा तर खरं.”

माऊस तिच्या हाताखालून मासळीसारखा निसटे. पण महिनाभरात पत्ते मुकाट जागेवर बसू लागले. मग अल्कानं पेंट हे चित्र काढायचं साधन उघडून दिलं. चौकाचा एक कोपरा काढायचा, त्याची नक्कल करायची, ती आडवी उलटवायची, मग उभी. चार कोपरे जुळले आणि पडद्यावर अख्खा चौक उभा राहिला.

चंद्रावती बघत राहिली. “एकच कोपरा काढला ना मी?” मग म्हणाली, “पाणी दे वं माय. घसा सुकला.”

अल्कानं पाण्याचा गिलास आणून दिला, आणि चंद्रावतीनं तो एका दमात रिकामा केला.

हे फार दिवस लपलं नाही. चंद्रावतीचा नवरा जीवनलाल एका दुपारी सरळ आत आला.

“मॅडम, पोरीले शिकाले धाडलं मी. बायकोले पत्ते खेळाले नाही. धान पडून आहे घरी!”

अल्का काही बोलणार तेवढ्यात चंद्रावतीच म्हणाली, “पत्ते नाही. मी चौक काढून राहिली.”

जीवनलाल पडद्याजवळ वाकला. “हे कोणी काढलं?”

“मीच.”

“कोण्या हातानं?”

तिनं डावा हात वर केला. जीवनलाल धपकन बाकावर बसला. तिची बोटं गेली त्या दिवशी मळणी यंत्र त्याच्याच हाती होतं. बंद करायला त्याला उशीर झाला होता. हे त्यानं तिथं, आम्हा सगळ्यांसमोर, पहिल्यांदा तोंडानं म्हटलं. पुढच्या आठवड्यापासून तोच तिला सायकलवर आणून सोडू लागला.

त्या उन्हाळ्यात त्याच्या पुतणीचं, ओमेश्वरीचं लग्न होतं. चंद्रावतीनं पडद्यावरचा चौक छापून तो कागद मांडवात ठेवला. बायकांनी पीठ सोडलं, आणि कुठं वळायचं, कुठं थांबायचं ते हिनं उभ्यानं सांगितलं. हे मला तिनंच बाकावर बसून ऐकवलं, दोनदा.

एवढं एक चांगलं घडलं. बाकीची वर्षं थकवा आणणारी. दिवसदिवस वीज जायची, मुलं बंद पडद्यांसमोर बसून निघून जायची. मग ज्याच्या त्याच्या हाती मोबाईल आले. क्लास रिकामा होत गेला. अल्का तरी लिहीत राहिली. शेवटी एकच नाव तीन आठवडे माझ्यावर राहिलं, आणि ते बदललं नाही हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. २०१२ ला तिनं कुलूप लावलं आणि गोंदियाला नोकरी धरली. मला चंद्रावतीनं मागून घेतलं. तेव्हापासून तिच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओट्यावर, भिंतीला आहे.

तीन वर्षांनी अल्का भेटायला आली. तिच्याकडे बोटानं चालणारा मोठा फोन होता.

“काकी, याच्यात चित्र काढाले माऊस लागत नाही. बोट टेकवलं का झालं.”

“डावं?”

“कोणतंही.”

चंद्रावतीचा उजवा हात पदराबाहेर आला. उरलेली करंगळी तिनं काचेवर टेकवली. रेघ वाकडी गेली. फोन घसरत होता. जीवनलाल उठला, समोर उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी फोन धरून राहिला. ती रेघ पुसून पुन्हा काढत होती. “हालू नका,” ती म्हणाली. तो हालला नाही.

माझा एक कोपरा वाळवीनं खाल्ला आहे. काळा रंग पोपडे धरून गळतो. परवा जीवनलाल माझ्याकडे बघून म्हणाला, “याले नवा रंग मारून टाकू का?”

नका मारू, जीवनलालभाऊ. मला खाली उतरवा आणि धानाच्या कोठीमागं उभं करून ठेवा. तिथं सावली असते.