शिसं मला चिकटत नाही

खिळा. चिकटला.
तांब्याची तार. नाही.
पितळी नळ. नाही.

मित्रांनो, घोड्याच्या नालेसारखा वाकलेला मी एक जुना चुंबक. चिकटेल ते लोखंड, स्वस्त. चिकटणार नाही ते मोलाचं. भंगारवाल्याला एवढं सांगण्यातच माझं आयुष्य गेलं.

पोलंडमधल्या एका गावात ब्रॉडी हे ज्यू कुटुंब जुन्या धातूंचा व्यापार करायचं. त्यांच्या थोरल्या मुलाच्या, पिंकसच्या खिशात मी असायचो.

मेणबत्तीचं पितळी स्टँड. नाही.

युद्ध आलं. सैनिकांनी गावातल्या ज्यूंना कुंपणात कोंडलं आणि त्यांच्याच घरांतला धातू निवडायला बसवलं. दर शुक्रवारी संध्याकाळी ज्यांवर प्रार्थनेच्या मेणबत्त्या लागायच्या, ती स्टँडं माझ्यापुढे ढिगाने आली. मी चिकटलो नाही, म्हणून ती वितळली. हे मला अजून टोचतं.

मग एका सकाळी भोंगा वाजला. एक अधिकारी बोट दाखवत रांगेपुढून चालत गेला. तू त्या बाजूला. तू त्या बाजूला. वडील गेले. धाकटा भाऊ गेला. पिंकसच्या हातात मी होतो. धातू निवडणारा कुणीतरी हवाच होता, म्हणून तो उरला.

हातगाडीचा आस. चिकटला.

युद्धानंतर पिंकस आणि मी अमेरिकेत, जर्सी सिटीत आलो. आधी हातगाडी, मग भाड्याचा कोपरा, मग स्वतःचं आवार. गावातल्या दुकानावर होती तशीच पाटी त्याने रंगवून घेतली, ‘ब्रॉडी आणि मुलगे’. मुलगा एकच उरला होता.

सगळे पिंकसला बॉस म्हणू लागले, म्हणून मीही आता ‘ते’ म्हणतो. त्यांचा एक नियम होता. त्यांना कुणी बाजूला उभं करायचं नाही. बँकेतही कुणी ‘जरा बाजूला थांबा’ म्हटलं, की ते रांग सोडून घरी यायचे.

टेबलाचा खण. चिकटलो, आणि पडून राहिलो.

२००६ साली ज्ञानदा आली. नागपूरची, धातुशास्त्र शिकलेली. तिचं पिस्तुलासारखं यंत्र दोन सेकंदांत धातू सांगायचं. मी खणात गेलो. घरी मोठ्या माणसांना काय म्हणतेस, असं बॉसनी तिला विचारलं, आणि तेव्हापासून ते तिचे काका झाले.

त्या वर्षी काकांच्या हृदयाची तपासणी झाली. शिरेत किंचित किरणोत्सारी औषध टोचलं होतं. आमच्या फाटकावर किरण ओळखणारी घंटा होती. दुसऱ्या दिवशी काका आत शिरले आणि ती खणखणली. गॅसने धातू कापणारा रामोन पोट धरून हसला. म्हणाला, बॉस, आता तुम्हालाच स्क्रॅपमध्ये काढावं लागणार. आठवडाभर तोच विनोद चालला. घंटा वाजली की कुणीतरी म्हणायचं, आले.

जाड, जड डबा. नाही.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी ज्ञानदाचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. काकांनी मला बाहेर काढलं. मला केवढा आनंद झाला! फाटकात ट्रक उभा होता. त्यातल्या झाळून बंद केलेल्या डब्याला मी टेकलो. चिकटलो नाही. शिसं, काका खुशीत म्हणाले. आत काय आहे ते बघायला रामोनने गॅस पेटवला.

घंटा वाजतच होती. काका तिथेच उभे होते, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

“रामोन, थांब,” ज्ञानदा म्हणाली. “काका, तुम्ही रस्त्याच्या त्या बाजूला जाऊन उभे राहा. घंटा थांबते का बघू.”

काकांची मूठ माझ्याभोवती आवळली.

“मी बाजूला जात नाही.”

“दोनच मिनिटं.”

“तेव्हाही असंच म्हणाले होते.”

रामोन ज्योत धरून थांबला. त्याला ठाऊक होतं. ज्ञानदाला ठाऊक नव्हतं, पण काका जागचे हलणार नाहीत हे तिला दिसलं. ज्योत डब्यापासून हातभर अंतरावर होती. मित्रांनो, मी त्यांच्या मुठीत होतो आणि मला काहीच कळत नव्हतं. मला फक्त लोखंड कळतं.

“मग मी पण येते,” ती म्हणाली. “दोघं जाऊ. दोघं परत येऊ.”

तिने त्यांचा दुसरा हात धरला. एक पाऊल. थांबले. आणखी एक. रस्ता ओलांडायला त्यांना साठ वर्षं लागली असं मला वाटलं. त्या बाजूला पोचून ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले, डोळे मिटून.

फाटकात आता काका नव्हते.

घंटा वाजतच होती.

“विझव,” काका ओरडले.

रामोनने गॅस विझवला आणि धावत सुटला. दुपारी पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. शिशाच्या आत कुठल्याशा जुन्या यंत्रातला किरणोत्सारी तुकडा होता. झाळ उघडली असती तर आवारातलं कुणीच धड राहिलं नसतं, असं ते म्हणाले. त्यांनी डबा न उघडता नेला.

काका मात्र रस्ता ओलांडून परत आले. ‘त्या बाजूहून’ पहिल्यांदाच कुणीतरी परत येत होतं.

मित्रांनो, घंटा वाजली तर आधी कारण शोधा, विनोद नंतर करा. आणि माझ्यासारख्या जुन्या चुंबकाला उघडा टाकू नका, आमची ताकद हळूहळू झिजते. दोन्ही टोकांवर एक पट्टी ठेवा. ज्ञानदाने त्याच संध्याकाळी कापून आणली.

लोखंडाची पट्टी. चिकटली.