कॅपिटल बीचा बूलियन

"पान तुझंच ना, रम्या? मग तपासायचं कोणी?" टीम लीड गिरीराज पाहुण्यांसमोरच कन्नडमध्ये कडाडला.

भिंतीवरच्या पडद्यावर, रम्यानं केलेल्या वेबपानात, नेत्रदात्यांच्या नावांऐवजी एररच्या ओळी उभ्या होत्या. मल्लेश्वरमहून आलेल्या नेत्रपेढीच्या डॉक्टरीणबाई चहाच्या कपात पाहत राहिल्या. रम्या मान खाली घालून म्हणाली, "सॉरी सर. बघते."

टेबलाच्या टोकाला हेमलता बसली होती. अर्धा जन्म तिचा जावा भाषेत प्रोग्रॅम लिहिण्यात गेलेला. चूक तिची होती.

दात्याची 'संमती' आधी साध्या बूलियनमध्ये होती: हो, नाहीतर नाही. ज्यांना अजून कुणी विचारलंच नव्हतं, तेही बिचारे 'नाही'च्या रांगेत जाऊन बसायचे. हेमलताला ते बघवेना. काल तिनं तिथं वेष्टनवाला प्रकार, रॅपर, घातला: कॅपिटल बीचा बूलियन. त्याला रिकामंही राहता येतं. पण आतलं मूल्य वाचून देणाऱ्या गेटरचं नाव जुनंच राहिलं, 'इज'नं सुरू होणारं. साध्या बूलियनला ते चालतं. रॅपरला मात्र पान 'गेट' म्हणूनच हाक मारतं. हाकेला ओ आली नाही, पान कोसळलं.

आता बोलावं. तिनं ओठ उघडले, आणि ती नुसतं पाणी प्यायली.

पाहुण्या बाई गेल्यावर तिनं तेवढं नाव बदललं. पान उमललं. मग ती गिरीराजच्या केबिनमध्ये गेली. तिथं तो तिच्याशी मराठीत, घरच्यासारखा बोलायचा.

"चूक माझी होती. रम्याची नव्हे."

"तुमची, अक्का?" तो हसला. "असू द्या हो. होतं कधीकधी. कॉफी घेतली?"

"तिला सगळ्यांदेखत बोललास."

"सांगतो की तिला. स्वल्प थांबा, नंतर."

शरम धुवायला गेली होती, दुप्पट घेऊन परतली.

रम्या इथल्याच शिवाजीनगरची, पण घरात मराठीच बोलणारी. दोघी रोज एकत्र डबा खायच्या. आजही बसल्या.

"रम्या, ते मी..."

"माहितीये, अक्का. तिथंच लॅपटॉपवर दिसलं. शेवटचा बदल तुमच्या नावावर होता."

"मग बोलली का नाहीस गं?"

"चारचौघांत तुमचं नाव कसं घेऊ?" रम्या डबा उघडत म्हणाली. "मला वाटलं, तुम्हीच घ्याल."

रम्यानं लिंबाच्या भाताचा, चित्रान्नाचा, पहिला वाटा झाकणात काढून तिच्यापुढे सरकवला. हेमलतानं तो दोन्ही हातांनी घेतला, आणि वर न बघता खात राहिली.