कोऱ्या खोलीतलं पहिलं पाणी

मी शॉवर बोलतोय. हो, तोच, भिंतीतून मान काढून खाली बघत उभा असतो तो. दचकू नका. माझ्याखाली उभे राहून तुम्ही बेसूर गाता, साहेबाला शिव्या घालता, आरशाला भाषणं देता, तेव्हा मी कधी मध्ये तोंड घातलं का? मग आज माझं जरा ऐका.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी इतका चकचकीत होतो की मला पुसणाऱ्याने माझ्यात बघून भांग पाडला होता. तिथून आलो तो या वृद्धनिवासात, वरच्या मजल्यावर, अगदी टोकाच्या खोलीत. पहिले रहिवासी निवृत्त हेडमास्तर. अंघोळीलाही शिस्त! एखादी धार वाकडी पडली की मला दटावायचे, "सरळ, सरळ!" मीही बिचारा जमेल तेवढा सरळ पडायचो.

पुढे हेडमास्तर लेकीकडे राहायला गेले आणि खोलीला कुलूप लागलं. माझे खरे हाल तिथून सुरू झाले.

वापर नसला की वस्तू नव्यासारखी राहते, असं माणसांना वाटतं. कपाटातल्या साडीचं तसं होत असेल बाबा, माझं नाही होत. माझ्या मागच्या पाइपात पाणी साचून राहिलं. ना धड गार, ना धड गरम, नुसतं कोमट. आतून बुळबुळीत थर चढला आणि त्या थरात भाडेकरू आले. लीजिओनेला म्हणतात त्या जिवाणूंना. आवाज नाही, भांडण नाही, पण पोरंबाळं विचारू नका! तिथे असतात तोवर गुमान असतात. पण शॉवर सुरू झाला की बारीक तुषारांवर बसून माणसाच्या श्वासातून थेट छातीत. धडधाकट माणूस एखादवेळ निभावून नेतो. म्हाताऱ्या, दुखणाईत माणसाला मात्र असा न्यूमोनिया होतो की जिवावर बेतावं.

मग या इमारतीत पाण्याची तपासणी होत नव्हती का? व्हायची की! दणक्यात व्हायची. तपासणीचे साहेब यायचे म्हटलं की नळकाकांची धांदल. नळकाका म्हणजे इथले देखभाल करणारे. नाव वेगळंच आहे, पण आज्या-आजोबांनी हेच पाडलंय. ते सकाळीच तळमजल्यावरच्या एका नळाचं तोंड घासूनपुसून लख्ख करायचे आणि पाणी धो धो सोडून द्यायचे. म्हणायचे, "पाहुण्याच्या बाटलीत सुरुवातीचं, पाइपात बसलेलं पाणी कसं द्यायचं? बरं दिसतं का ते?" साहेब येणार, चहा घेणार, ते न्हाऊमाखू घातलेलं पाणी भरून नेणार आणि आम्ही सगळे पास! खाली भिंतीवर तसं प्रमाणपत्रही लागलं होतं, 'इथले पाणी सुरक्षित आहे.' मी वर कुलपात, तोंडाला पांढरे क्षार, पोटात लाखोंचं बिऱ्हाड, आणि मीसुद्धा सुरक्षित! धन्य आहे.

मग एक दिवस कुलूप उघडलं. व्यवस्थापक स्वतः आत आले, मागे रंगारी, मागे नवे पडदे. त्यांची मावशी इथे राहायला येणार होती. आई लहानपणीच गेली, तेव्हा याच मावशीने त्यांना वाढवलं. नुकतीच न्यूमोनियातून उठली होती. व्यवस्थापक कौतुकाने सगळ्यांना सांगत होते, "मावशीला मी वापरलेली खोली देणारच नाही. ही बघा, कोरी करकरीत! कित्येक दिवसांत इथे कोणी साधा हात धुतलेला नाही."

अहो, तेच तर! पण ओरडणार कसा? मला ओरडायचं तर पाणी लागतं, आणि पाणी आलं की घात.

मावशी आली त्याच दिवशी तपासणी होती. जुने साहेब बदलून गेले होते, नव्या बाई आल्या होत्या. रिवाजाप्रमाणे त्यांना खालच्या नळाकडे नेलं. मावशी तिथेच खुर्चीत बसली होती, आणि तिचा स्वभाव असा की शेजारी डबा उघडला तर आत काय आहे ते तिला कळलंच पाहिजे.

"पाणी तपासतेस होय गं? मग माझ्या खोलीतलंही बघ की. माझं काय पाणी नाही?"

"बघा की बाई!" व्यवस्थापक छाती फुगवून म्हणाले. "कोरी खोली आहे."

"कोरी म्हणजे? बंद होती का?" बाईंनी विचारलं आणि उत्तर ऐकून त्या जिना चढायलाच लागल्या.

नळकाका त्यांच्याआधी धावत वर आले. बाई पोचायच्या आत मला थोडं वाहवून घ्यावं, अब्रू राखावी, हा हेतू. त्यांचा हात माझ्या नळाच्या मुठीवर पडला. मी मनात म्हटलं, संपलं. भरली पिचकारी यांच्या तोंडावर, आणि उरलेलं पाणी पास!

"अहो, थांबा! उघडू नका!" बाई दारातून ओरडल्या. "मला पहिलंच पाणी हवंय. सोडून दिलंत तर आत काय होतं ते कळणार कसं?"

नळकाका दुखावले. "पहिलं पाणी कोणी देतं का पाहुण्याला?"

"मी पाहुणी नाही हो. इथे राहणाऱ्यांना रोज सकाळी कुठलं पाणी मिळतं?"

नळकाकांनी मुठीवरचा हात काढला. बाईंनी मास्क लावला, सगळ्यांना बाहेर काढलं, माझ्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली आणि तिच्या कोपऱ्यातून पाणी हळूच बाटलीत उतरवलं. आयुष्यात प्रथमच मला कोणीतरी परीक्षेला बसवलं होतं, आणि मी जीव तोडून प्रार्थना करत होतो की नापास कर.

निकालाला वेळ लागतो. जिवाणू वाढू द्यावे लागतात. तोवर हा शॉवर उघडायचा नाही, असं बजावून बाई गेल्या. संध्याकाळी मावशी टॉवेल खांद्यावर टाकून आत आली. प्रवासाने अंग आंबलं होतं. मूठ धरायला गेली, तर मूठच नाही!

व्यवस्थापक नळकाकांवर उखडले. "मूठ कुठाय? एका अंघोळीने काय होतंय? बाईंना बोलायला काय जातं!"

"मूठ माझ्या खिशात आहे, आणि मी देणार नाही," नळकाका म्हणाले. "साहेब, मी इतकी वर्षं त्या तपासणीवाल्यांसाठी चांगलं पाणी राखून ठेवलं. आणि पहिलं पाणी आपल्या म्हाताऱ्यांच्या अंगावर जात होतं. ते कोपऱ्यातल्या खोलीतले आजोबा खोकून खोकून दवाखान्यात गेले, तेव्हा आपण म्हटलं, वय झालं."

मावशी मध्येच म्हणाली, "मग मला पातेल्यात पाणी उकळून द्या, आणि निवल्यावर बादलीत ओता. भांडताय कसले?"

निकाल आला. मी नापास! आणि काठावर नाही, अगदी वाजतगाजत. व्यवस्थापक कागद घेऊन माझ्याकडे आले, कमोडचं झाकण पाडून त्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. "हिने मला वाढवलं, आणि मी हिला चांगली म्हणून ही खोली दिली," एवढंच म्हणत होते.

मग मात्र सगळी इमारत ढवळून निघाली. प्रमाणपत्र उतरलं. पाइप कढत पाण्याने धुतले. एकेका खोलीतलं पहिलं पाणी बाटलीत गेलं आणि माझ्यासारखे आणखी काही नापास निघाले. आता रिकाम्या खोल्यांतले नळही नेमाने वाहवतात, आणि ते काम नळकाका नाकाला मास्क लावून करतात. मला काढून गच्चीवरच्या भंगाराच्या टोपलीत टाकलंय. त्याचं दुःख नाही. फक्त एवढंच सांगतो, तुमच्याकडेही पाहुण्यांसाठी जपून बंद ठेवलेली एखादी न्हाणी असेल, तर मायेने कोणाला तिथे पाठवण्याआधी तिच्या नळाची विचारपूस करा.

माझ्या जागी नवा शॉवर आलाय, त्याचीही परीक्षा झाली. आज सकाळी मावशी ओले केस वाळवायला गच्चीवर आली. माझ्या टोपलीशेजारीच बसली आणि नळकाकांवर तोंडसुख घ्यायला लागली.

"कसला रे हा शॉवर आणलास? धार बघ, दोऱ्यासारखी! डोक्यातला साबण निघता निघत नाही. पैसे वाचवलेस होय?"

अर्धा तास बोलत होती. मी कान देऊन ऐकत होतो. एकदाही खोकली नाही.